बोर्डाची शाळा: कारभार कोणाच्या हाती होता आणि कसा गेला

जिल्हा परिषदेच्या कुठल्याही प्राथमिक शाळेत शाळा व्यवस्थापन समितीची सभा भरते, तेव्हा पहिला विषय ठरलेला असतो: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. मग शालेय पोषण आहाराचा शिल्लक तांदूळ, सादिलच्या, म्हणजे शाळेच्या किरकोळ, खर्चास मंजुरी, गळक्या वर्गखोलीचा प्रस्ताव, गणवेशाचे कापड आणि शेवटी ऐनवेळचे विषय. खाली सूचक, अनुमोदक, ठराव सर्वानुमते मंजूर. इतिवृत्ताच्या वहीवर पालकांच्या सह्या, काही ठिकाणी अंगठे.

या विषयपत्रिकेत काय नाही, तेही पाहायला हवं. दोन शिक्षकी शाळेतला एक शिक्षक जूनमध्ये बदलून गेला आणि जागा रिकामी राहिली, तर ती भरण्याचा अधिकार या समितीला नाही. खोली बांधायला लागणारा पैसा तिच्या हातात नाही. समिती प्रस्ताव करते, केंद्रप्रमुखांमार्फत तो गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो, तिथून पुढे जिल्ह्याला. शंभर वर्षांपूर्वी याच भागात अशी मंडळं होती, ज्यांच्या विषयपत्रिकेवर शिक्षकाची नेमणूक, बदली, पगार, नवी शाळा उघडणं, सगळं असायचं. ती सत्ता दिली कोणी, काढून घेतली कोणी आणि का, हे कळल्याशिवाय आजच्या सभेतली हतबलता समजत नाही.

सुरुवात पैशापासून झाली. १८६३ मध्ये मुंबई इलाख्यात जमीनमहसुलाच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड म्हणून वसूल होऊ लागला. त्याचा एक तृतीयांश शिक्षणासाठी, बाकीचा मुख्यतः रस्त्यांसाठी. म्हणजे गावात शाळा असो वा नसो, शेतकरी शाळेचा कर भरत होता. महात्मा फुल्यांनी ऑक्टोबर १८८२ मध्ये शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे जे निवेदन दिलं, त्याचा गाभा हाच होता. सरकारचं उत्पन्न रयतेच्या घामातून येतं आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो, हे त्यांनी स्पष्ट मांडलं. किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, शिक्षकाला महिना बारा रुपयांपेक्षा कमी पगार नको, शेतकऱ्यांच्या जातींतून शिक्षक तयार करा, अशा नेमक्या मागण्या त्यात आहेत. शाळेच्या कारभारात बसणाऱ्या प्रत्येकाने ते निवेदन एकदा तरी वाचावं. आजच्या विषयपत्रिकेवरचे निम्मे विषय त्यात सापडतात.

१८८४ च्या कायद्याने जिल्हा आणि तालुका लोकल बोर्डं, म्हणजे स्थानिक कारभाराची मंडळं, आली आणि गावच्या शाळा त्यांच्या ताब्यात गेल्या. ‘लोकल बोर्डाची शाळा’ हे नाव तेव्हाचं. जुन्या माणसांच्या तोंडी ते पुढे कित्येक दशकं टिकलं. पण ताबा नावापुरता होता. अभ्यासक्रम, तपासणी, शिक्षकांवरचा वचक हे सारं सरकारी शिक्षण खात्याचं. डेप्युटी साहेब तपासणीला येणार म्हटलं की शाळा सारवली जायची. बोर्डाचा सभासद आला तर चहा व्हायचा.

मुंबई शहराचा मार्ग वेगळा. १८८८ च्या महापालिका कायद्यानंतर तिथे सरकार आणि पालिका यांच्या संयुक्त शाळा समितीकडे प्राथमिक शाळा होत्या, पुढे त्या पूर्णपणे पालिकेकडे आल्या. १९२५ मध्ये एफ आणि जी वॉर्डांत, म्हणजे परळ, दादर, वरळीच्या गिरणगावाच्या पट्ट्यात, सक्तीचं शिक्षण सुरू झालं. आज मुंबई महापालिका आठ भाषांच्या माध्यमांतून शाळा चालवते. एवढ्या भाषांचा पसारा सांभाळणारी दुसरी स्थानिक संस्था राज्यात नाही.

सक्तीचा प्रश्न देशपातळीवर नेला तो गोपाळ कृष्ण गोखल्यांनी. मार्च १९११ मध्ये त्यांनी केंद्रीय कायदेमंडळात विधेयक मांडलं. मागणी अगदी मवाळ होती: ज्या पालिकेला किंवा बोर्डाला वाटेल, तिने आपल्या हद्दीत सहा ते दहा वर्षांच्या मुलांना शाळेची सक्ती करावी, खर्चाचा दोन तृतीयांश वाटा सरकारने उचलावा. मार्च १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी ते फेटाळलं गेलं. विरोधात सरकारी सभासद होते, तसे जमीनदारही होते. पोरं शाळेत गेली तर शेतावर कोण राबणार, ही त्यांची खरी काळजी. याच सुमाराला संस्थानांनी मात्र करून दाखवलं. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात प्रयोग करून १९०६ मध्ये सक्ती सगळ्या राज्याला लागू केली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत शिक्षणाचा हुकूम काढला आणि मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला.

१९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात कायदा झाला. ब्रिटिश हिंदुस्थानातला सक्तीच्या शिक्षणाचा हा पहिला कायदा. मुंबई शहर सोडून इतर नगरपालिकांना त्याने सक्तीची मुभा दिली. सातारा, धुळे, वांद्रे, सुरत अशा मोजक्या पालिका पुढे आल्या. पुण्यात १९२० मध्ये या प्रश्नावरून शहर दुभंगलं. सक्ती मुलांपुरती, की मुलींनाही? लोकमान्य टिळकांच्या बाजूचं म्हणणं, दोघांना पुरेल एवढा पैसा पालिकेकडे नाही, आधी मुलांपासून सुरू करू. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने स्त्रियांनी मिरवणूक काढून मुलींसाठीही सक्ती मागितली. सभा उधळल्या गेल्या. नगरपालिकेच्या अंदाजपत्रकातल्या एका रकमेचा हा वाद होता, आणि त्या रकमेवर शहरातल्या निम्म्या लेकरांचं आयुष्य ठरणार होतं. पैसा नाही म्हणून मुली थांबतील, हा युक्तिवाद तेव्हाही चूक होता असं माझं स्पष्ट मत आहे.

खरी सत्ता मिळाली ती १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतर शिक्षण खातं लोकनियुक्त मंत्र्याकडे आलं होतं आणि इलाख्याचे पहिले शिक्षणमंत्री होते रँग्लर र. पु. परांजपे. या कायद्याने प्रत्येक जिल्हा लोकल बोर्डाला आणि मोठ्या नगरपालिकेला स्वतंत्र स्कूल बोर्ड मिळालं. शाळा त्यांच्या, शिक्षक त्यांचे, रोजचा कारभार पाहणारा प्रशासन अधिकारीही त्यांनीच नेमलेला. सरकारी इन्स्पेक्टरकडे उरली ती फक्त तपासणी आणि शेरा.

मग बोर्डाच्या सभा रंगू लागल्या. कोणत्या वाडीला शाळा द्यायची, कोणाच्या ओसरीत ती भरवायची आणि भाडं किती, फायनल, म्हणजे मराठी सातवीची परीक्षा, पास झालेल्या कोणत्या उमेदवाराला मास्तर म्हणून घ्यायचं. यातलं बरंच काम चांगलं झालं. ज्या गावांनी सरकारी साहेब कधी पाहिला नव्हता, त्यांना आपल्या तालुक्याचा सभासद माहीत होता. त्याच्या दारात जाऊन शाळा मागता येत होती. ब्राह्मणेतर चळवळीतले कार्यकर्ते लोकल बोर्डांवर निवडून येत होते आणि शेतकऱ्याची पोरं मास्तर होत होती. फुल्यांची एक मागणी या मार्गाने, अर्धीमुर्धी का होईना, पुरी होत होती.

पण दुसरी बाजूही त्याच सभांतून वर आली. निवडणूक आली की मास्तर प्रचाराला जुंपला जायचा. बाजू चुकली तर बदली, तीही घाटाखालच्या एखाद्या गावी, भर पावसाळ्यात. बोर्डाची सत्ता पालटली की बदल्यांची नवी यादी निघायची. पोरांचं वर्ष बुडायचं आणि मास्तराचा कणा मोडायचा. त्यात १९३० नंतरच्या मंदीत सरकारने अनुदानाचा हात आखडता घेतला आणि सक्तीच्या कितीतरी योजना कागदावरच राहिल्या.

सगळ्यात मोठी कसोटी अस्पृश्य मुलांच्या बसण्याची होती. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळाने सी. के. बोले यांचा ठराव मंजूर केला. सार्वजनिक पैशातून चालणारे पाणवठे, धर्मशाळा आणि त्यांच्याबरोबर शाळाही अस्पृश्यांना खुल्या, असं त्याने ठरवलं. महाडच्या चवदार तळ्यामुळे त्यातला पाणवठ्यांचा भाग सर्वांना माहीत आहे. शाळांचा भाग तेवढाच महत्त्वाचा. ज्या वर्षी शाळा स्थानिक बोर्डांच्या हाती गेल्या, त्याच वर्षी त्या सर्वांना खुल्या झाल्या, आणि अंमलबजावणी करायची होती गावातल्या सवर्ण पुढाऱ्यांनीच. १९२८ मध्ये अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीच्या चौकशीसाठी सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर सभासद होते. १९३० च्या अहवालात तिने वेगळ्या शाळांऐवजी एकत्र शाळांचा आग्रह धरला. मूल शाळेच्या पटावर आहे पण बसतं पडवीत, ही त्या काळातली सरसकट स्थिती होती. स्थानिक सत्तेबद्दल मनापासून बोलणाऱ्या प्रत्येकाने या पडवीला आधी उत्तर द्यायला हवं. गावाच्या हाती शाळा देणं म्हणजे गावातल्या बलवंतांच्या हाती देणं, असं तेव्हा अनेकदा झालं.

१९३७ मध्ये बाळासाहेब खेरांचं काँग्रेस मंत्रिमंडळ आलं. खेरांना शिक्षणाची मनापासून कळकळ होती आणि तरीही, किंबहुना त्यामुळेच, १९३८ च्या दुरुस्तीने त्यांनी बोर्डांचे पंख छाटले. प्रशासन अधिकारी सरकारी नोकर झाला. नेमणुका आणि बदल्यांच्या दोऱ्या त्याच्याकडे गेल्या. बदल्यांचा बाजार बघता हे गरजेचं होतं, हे मान्य करावं लागतं. मात्र दुखणं बदल्यांचं होतं आणि औषधाने बोर्डांची सगळीच ताकद गेली. बदल्यांना नियम घालून बाकीचा कारभार लोकांकडे ठेवता आला असता.

१९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियमाने हीच व्यवस्था पक्की केली. जिल्हा स्कूल बोर्ड, नगरपालिकांची शिक्षण मंडळं, त्यांचे अध्यक्ष आणि शेजारच्या खुर्चीत सरकारचा प्रशासन अधिकारी. हे झालं मुंबई राज्याचं. विदर्भात १९४८ पासून जनपद सभा, म्हणजे तिथल्या स्थानिक स्वराज्य संस्था, शाळा चालवत होत्या. मराठवाड्यात निजामाच्या काळापासून शाळा थेट सरकारी खात्याच्या. राज्य एक झालं तेव्हा या तीन तऱ्हा एकत्र आणायच्या होत्या. पंचायत राज्यासाठी नेमलेल्या वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनंतर १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या, जिल्हा स्कूल बोर्डं बरखास्त झाली आणि शाळा परिषदेच्या शिक्षण समितीकडे आल्या. शाळेच्या पाटीवर ‘जि. प. प्राथमिक शाळा’ आलं.

शहरांतली शिक्षण मंडळं मात्र टिकली. पुण्यासारख्या महापालिकेत नगरसेवकपद न मिळालेल्या कार्यकर्त्याची सोय लावण्याची जागा म्हणूनच त्यांच्याकडे पाहिलं जाऊ लागलं. खरेदीचे वाद वर्तमानपत्रांत येत राहिले. शिक्षण हक्क कायदा आल्यावर राज्याने १९४७ चा अधिनियम रद्द केला, मंडळांची मुदत संपेपर्यंत त्यांना चालू दिलं. पुण्याचं मंडळ २०१७ मध्ये संपलं. अधिकार आयुक्तांच्या हाताखालच्या शिक्षण विभागाकडे गेले. मंडळ गेल्याचं दुःख फारसं कोणाला झालं नाही, हेच त्या मंडळांच्या अखेरच्या काळाबद्दल पुरेसं बोलकं आहे. त्यानंतर २०२२ पासून बहुतेक महापालिका आणि जिल्हा परिषदांवर प्रशासक बसले. काही वर्षं शिक्षण समितीचा सभापतीच नव्हता. गळक्या छताची तक्रार घेऊन जावं असा निवडून आलेला माणूस नाही, अशी वेळ १८८४ नंतर क्वचितच आली असेल.

या सगळ्या काळाची एक साक्ष शाळेच्या कपाटात अजून आहे: जनरल रजिस्टर. दाखल मुलाचं नाव, जात, जन्मतारीख, पालकाचा धंदा, शाळा सोडल्याचं कारण. कितीतरी रजिस्टरं लोकल बोर्डाच्या काळातली, मोडीत भरलेली. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा महसुली कागदांबरोबर हीच रजिस्टरं बाहेर काढली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांना मागणी आली. काही शाळांत ती कापडात बांधून जपलेली निघाली, काही ठिकाणी वाळवीने खाल्लेली. ‘शाळा सोडल्याचे कारण’ या रकान्यात कुठे शेतकाम दिसतं, कुठे गुरं राखणं. गोखल्यांच्या फेटाळल्या गेलेल्या विधेयकाची किंमत तिथे एकेका नावापुढे लिहिलेली आहे.

आता पुन्हा आजच्या समितीकडे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया हव्यात. महाराष्ट्रात अध्यक्ष पालकांतूनच निवडला जातो, मुख्याध्यापक सचिव असतात, सभा दरमहा व्हायची असते. १९२३ च्या बोर्डावर जी माणसं बसूच शकली नसती, ती इथे बसतात. पडवीत बसवलेल्या मुलाची पणती आज याच समितीची अध्यक्ष असू शकते, आणि अनेक गावांत तशा आया खरोखर अध्यक्ष आहेत. माणसं खरी बदलली. त्यांच्या हाती दिलेली सत्ता मात्र तांदूळ मोजण्याइतकी आक्रसली.

तरीही कायद्यात एक जागा उरली आहे. कलम २२ प्रमाणे समितीने शाळेचा विकास आराखडा करायचा असतो: खोल्या किती लागतील, शिक्षक किती, स्वच्छतागृह, पाणी, त्यासाठीचा खर्च. आणि त्याच कलमाचं दुसरं पोटकलम सांगतं की सरकारने किंवा स्थानिक प्राधिकरणाने आपल्या योजना आणि अनुदानं या आराखड्याच्या आधारावर ठरवायची. बहुतेक शाळांत हा आराखडा छापील नमुन्यात घाईघाईने भरला जातो आणि त्यावर सह्या घेतल्या जातात. तो सभेत मोठ्याने वाचून, आकडे पालकांनी स्वतः भरून, इतिवृत्तात नोंदवून, पोच घेऊन गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्यायला कुठल्याही नव्या परवानगीची गरज नाही.