लिव्हरवाला कपलर: बोल्टपासून भारत स्टेज सहापर्यंत

आजच्या ट्रकच्या, मोटारीच्या आणि मोठ्या ट्रॅक्टरच्या कंट्रोल युनिटवरचा, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पेटीवरचा, मुख्य कपलर (तारांचा गुच्छ पिनांवर बसवणारा जोड) सहसा नुसत्या अंगठ्याच्या दाबाने बसत नाही. तो थोडा आत सरकवायचा, मग त्याच्या पाठीवरची प्लास्टिकची लिव्हर फिरवायची आणि उरलेले अंतर लिव्हरनेच त्याला ओढून घ्यायचे, अशी त्याची रचना असते. बेळगावच्या ऑटोनगरापासून खानापूर, निपाणी, चिकोडीपर्यंत गाड्यांच्या वायरिंगचे काम करणाऱ्या कारागिरांच्या हाती हे कपलर मोठ्या संख्येने आले ते एप्रिल २०१७ नंतर, आणि एप्रिल २०२० नंतर तर त्यांच्याशिवायचे नवे व्यापारी वाहन विरळाच झाले. त्यांच्याविषयी या भागात जी नाराजी आहे ती मुख्यतः एका प्रश्नाभोवती फिरते: जिथे पोलादी बोल्टने काम भागत होते तिथे तुटणारे प्लास्टिक का आणले? या प्रश्नाचे उत्तर पिनांच्या संख्येत आणि त्यांच्यावरच्या मुलाम्यात आहे.

डायनॅमोच्या काळाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. गाडीत मोजक्या तारा होत्या, त्या बुलेट कनेक्टरने किंवा ६.३ मिलिमीटरच्या चपट्या पट्टीवर बसणाऱ्या थिंबलने जोडल्या जात, आणि एखादा जोड सैल झाला तर पक्कड मारून तो घट्ट करता येई. पिनांची गर्दी सुरू झाली ती इंधनाचे नियंत्रण इलेक्ट्रॉनिक झाल्यावर. १९६७ मध्ये जर्मनीत मोठ्या प्रमाणावर उत्पादनात आलेल्या पहिल्या इलेक्ट्रॉनिक इंधन-फवारणी व्यवस्थेच्या युनिटला २५ पिनांचा एकच कपलर होता. १९७९ मध्ये इंधन आणि ठिणगी ही दोन्ही कामे एका युनिटकडे आली. त्यानंतरच्या युनिटांवर ३५ आणि पुढे ५५ पिनांचे जे लांबट कपलर आले त्यांच्या एका टोकाला आकडा असे. तो युनिटच्या खाचेत अडकवून दुसरे टोक खाली दाबले की स्प्रिंगची कडी बसत असे. म्हणजे स्वतंत्र लिव्हर नव्हती, पण सगळा कपलरच लिव्हरसारखा वापरला जात होता. १९८६ मध्ये दोन तारांवरून अनेक युनिटांना एकमेकांशी बोलू देणारी कॅन ही पद्धत जाहीर झाली तेव्हा आता तारा कमी होतील अशी अपेक्षा होती. युनिटा-युनिटांमधल्या तारा कमी झाल्याही, परंतु प्रत्येक इंजेक्टरला, सेन्सरला आणि व्हॉल्व्हला तार लागतच राहिल्यामुळे मुख्य युनिटवरच्या पिना वाढतच गेल्या. कॉमन रेल (एका सामाईक नळीतून सर्व इंजेक्टरांना मोठ्या दाबाने डिझेल देणाऱ्या) डिझेल इंजिनांच्या एका बहुप्रचलित युनिटावर ९४ आणि ६० पिनांचे दोन कपलर, म्हणजे एकूण १५४ पिना आहेत.

पिना वाढल्या म्हणून जोर वाढला हे खरे असले तरी त्यात कथिलाचा वाटा मोठा आहे. तांब्या-पितळेच्या भांड्यांना आपल्याकडे ज्या धातूची कल्हई करतात तोच धातू वाहनातल्या बहुतेक टर्मिनलांवर (तारेच्या टोकाला दाबून बसवलेल्या, पिनेला धरणाऱ्या धातूच्या तुकड्यांवर) चढवलेला असतो, कारण तो सोन्याच्या मानाने अतिशय स्वस्त पडतो. कथिलावर हवेत लगेच कठीण, पातळ ऑक्साइडचा थर धरतो आणि त्याखालचा धातू मऊ राहतो. पिन जोराने घासत आत गेली की हा थर तडकतो आणि खालचे स्वच्छ कथील वर येऊन जोड मिळतो. त्यासाठी टर्मिनलमधल्या स्प्रिंगचा दाब पुरेसा लागतो: सोन्याला साधारण अर्धा न्यूटन चालतो, तर कथिलाला एक ते दोन न्यूटन किंवा त्याहून अधिक द्यावा लागतो. दाब कमी ठेवला तर इंजिनाच्या कंपनाने पिना सूक्ष्म अंतरात पुढे-मागे घासत राहतात, उघडे पडलेले कथील पुन्हा पुन्हा ऑक्साइड होत जाते आणि त्या काळ्या भुकटीने जोडाचा रोध वाढतो. गॅरेजात ज्याला ‘कार्बन धरला’ म्हणतात त्यातला मोठा भाग हाच असतो. त्यात कार्बन मुळीच नसतो, आणि कपलर काढून परत बसवला की गाडी काही दिवस ठीक चालते त्याचे कारणही हेच आहे.

म्हणून पिन जाण्याचा जोर मुद्दाम कमी करता येत नाही. लहान आकाराच्या एका पिनेला चार न्यूटन धरले तर ऐंशी पिनांना ३२० न्यूटन, म्हणजे सुमारे ३२ किलोचा दाब लागतो, आणि त्यात पाणी अडवणाऱ्या रबरी सीलचा विरोध मिळवायचा राहिलेलाच आहे. कामगाराने दिवसभर हाताने कपलर बसवायचे असतील तर एका कपलरला सुमारे ७५ न्यूटनपेक्षा जास्त जोर लागू नये, अशी मर्यादा उद्योगातल्या निकषांत रूढ आहे. त्या पलीकडे यांत्रिक मदत द्यावी लागते. लिव्हर ही मदत अशी देते: तिच्या दोन्ही बाजूंना वक्र खोबणी असतात, समोरच्या भागावरच्या लहान खुंट्या त्या खोबणीत शिरतात, आणि लिव्हर फिरली की खोबणीची भिंत खुंटीला आत ओढते. लिव्हरचे टोक साधारण सात-आठ सेंटीमीटर फिरते तेव्हा कपलर जेमतेम एक सेंटीमीटर सरकतो, त्यामुळे घर्षणात जे वाया जाईल ते वजा करूनही हाताला लागणारा जोर मर्यादेत राहतो. सरकपट्टीचे कपलर याच तत्त्वावर चालतात. त्यांत लिव्हर फिरण्याऐवजी पट्टी आडवी सरकते.

लिव्हरच्या आधी, आणि बराच काळ तिच्या बरोबरीने, हे काम बोल्ट करत होता. कपलरच्या मधोमध एक बोल्ट, समोर धातूचा आटा, आणि पान्याने आवळला की दोन्ही भाग जवळ येत. एकेक फेऱ्याला कपलर जेमतेम मिलिमीटरभर पुढे जात असल्याने मोठ्या पिनसंख्येलाही जोर अपुरा पडत नसे. कंपनाने तो सहजी ढिला होत नव्हता, उष्णतेने ठिसूळ होत नव्हता, आणि मुख्य म्हणजे बोल्ट खराब झाला तर तो बदलता येत होता. मग तो का सोडला गेला याची कारणे जवळजवळ सगळी वाहन जुळवणीच्या कारखान्यातली आहेत. बोल्टला अवजार लागते, ठरलेल्या टॉर्कवर थांबणारा विजेचा किंवा हवेचा पाना लागतो, त्याची वेळोवेळी तपासणी लागते. आटा तिरका लागला तर बोल्ट घट्ट झाल्यासारखा वाटतो, टॉर्कही पूर्ण दाखवला जातो आणि आतल्या पिना अर्ध्याच गेलेल्या असतात. लिव्हरला अवजार लागत नाही, दोन-तीन सेकंदांत काम होते, आणि अर्धवट बसलेला कपलर उघड दिसतो, कारण लिव्हर शेवटपर्यंत जातच नाही. तिच्यावर बहुधा लाल किंवा हिरव्या रंगाचे एक लहान जादा लॉक असते आणि लिव्हर पूर्ण बसल्याशिवाय ते आत सरकत नाही, म्हणून तपासनिसाला ते डोळ्यांनी पाहता येते.

हे फायदे खरे आहेत आणि ते कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु त्यांचा हिशेब जुळवणीच्या रांगेवरच्या सेकंदांत मांडला गेला. तिथे कपलर नवा असतो, स्वच्छ असतो, लिव्हर फिरवायला चारी बाजूंनी जागा मोकळी असते आणि तो आयुष्यात एकदाच बसवला जातो. दुरुस्तीच्या टेबलावर येणारा कपलर वर्षानुवर्षे इंजिनाच्या उष्णतेत राहिलेला, खोबणीत चिखल आणि डिझेलचा चिकटा साचलेला, आणि बॅटरीच्या पेटीमागे किंवा केबिनच्या खाली अशा ठिकाणी असतो की तिथे लिव्हरला नव्वद अंशांचा फेराही पुरता मिळत नाही. जड ट्रकांच्या इंजिनावरच बसवलेल्या युनिटांवर बोल्ट बराच काळ टिकून राहिला याचे कारण रचनाकारांनाही हा फरक ठाऊक होता. प्रस्तुत लेखकाच्या मते इंजिनाच्या अंगावरच्या कपलरांबाबत तो कायम ठेवणे अधिक शहाणपणाचे ठरले असते. केबिनच्या आतल्या कपलरांना लिव्हर अगदी योग्य आहे.

भारतात या बदलाला कायद्याने वेग दिला. वाहनांच्या धुरातील प्रदूषणावर मर्यादा घालणाऱ्या भारत स्टेज नियमांचा चौथा टप्पा २०१० मध्ये दिल्ली परिसर आणि १३ शहरांपुरता लागू झाला. त्यांत पुणे, सोलापूर आणि बेंगळुरू होते. बेळगाव आणि कोल्हापूर नव्हते. पुणे-बेंगळुरू महामार्गाच्या दोन्ही टोकांना नवी वायरिंग आणि मधल्या पट्ट्यात जुनी, असे चित्र काही वर्षे राहिले, आणि येथील गॅरेजांनी लिव्हरवाले कपलर प्रथम पाहिले ते बाहेरच्या नोंदणीच्या, रस्त्यात बंद पडलेल्या मोटारींवर. मध्यम आणि जड ट्रकांपैकी बहुतेकांचे डिझेल पंप तोवर यांत्रिकच होते. १ एप्रिल २०१७ रोजी स्टेज चार देशभर लागू झाला; त्याच्या तीन दिवस आधी सर्वोच्च न्यायालयाने स्टेज तीनच्या शिल्लक गाड्यांची विक्रीही बंद केल्याने मुदतवाढीची वाट उरली नाही. ट्रकांवर युरियाचे द्रावण फवारणारी यंत्रणा आली, तिचे पंप, सेन्सर आणि हीटर आले. स्टेज पाच वगळून थेट सहावर जाण्याचा निर्णय २०१६ च्या जानेवारीतच झालेला होता आणि १ एप्रिल २०२० पासून तो अमलात आला. युरोपात ज्या अंतरासाठी बराच अधिक काळ मिळाला ते येथे तीन वर्षांत कापावे लागले, आणि त्यात प्रशिक्षण सर्वांत मागे राहिले. कंपन्यांच्या अधिकृत सेवा केंद्रांना पुस्तिका मिळाल्या. ऑटोनगरातल्या कारागिराने बहुधा पहिली लिव्हर मोडूनच शिकावे अशी स्थिती होती.

लिव्हर मोडण्याच्या पद्धती फार नाहीत. उघडताना जादा लॉक मागे न ओढता लिव्हरवर जोर दिला जातो, किंवा लिव्हर अर्धी उघडून तारांना धरून कपलर उपटला जातो. बसवताना होणारी चूक अधिक महाग पडते: लिव्हर पूर्ण उघडी नसताना कपलर दाबला तर खुंट्या खोबणीच्या तोंडात न शिरता कडेवर आपटतात आणि तुटतात. एका बाजूची खुंटी तुटली तरी लिव्हर बंद होते, वरून सगळे ठीक दिसते, पण कपलर तिरका बसतो आणि त्या बाजूचे सील पुरते दाबले जात नाही.

याचे परिणाम या भागात पावसाळ्यात दिसतात. खानापूर तालुक्यातला जांबोटी-कणकुंबीचा पट्टा आणि पुढे चोर्ला घाट येथे पाऊस प्रचंड असतो, आणि गोव्याकडे जाणारी पुष्कळ मालवाहतूक त्याच वाटेने होते. तापलेल्या युनिटवर थंड पाणी पडले की आतली हवा आकुंचन पावते आणि फटीतून पाणी ओढून घेते; तारेच्या सुट्या धाग्यांमधूनही ते केशाकर्षणाने पुढे सरकते, म्हणून ज्या कपलरवर पाणी पडलेच नाही तिथेही हिरवट गंज सापडतो. घाट उतरून आल्यावर तापल्या इंजिनावर वॉशिंग सेंटरमधला जोरदार फवारा मारणे हे याहून वाईट. दोष मात्र स्कॅनरवर एखाद्या सेन्सरच्या नावाने उमटतो, सेन्सर बदलला जातो आणि आठवड्याभरात तोच कोड परत येतो.

खरा वाद आहे तो सुट्या भागांचा. लिव्हर हा कपलरच्या आवरणाचा भाग मानला जातो आणि आवरण हे हार्नेसचा, म्हणजे गाडीतल्या तारांच्या पूर्ण जुडग्याचा, त्यामुळे अनेक वाहनांच्या बाबतीत दोन इंच प्लास्टिक तुटले तरी अधिकृत मार्ग पूर्ण हार्नेस बदलण्याचा असतो. उत्पादकांची बाजू अशी की टर्मिनल दाबण्याचे काम ठरलेल्या अवजाराने झाले नाही तर जोडाची हमी देता येत नाही, आणि एअरबॅगसारख्या सर्किटांत सोन्याच्या मुलाम्याच्या पिनेसमोर कोणी कथिलाचे टर्मिनल बसवले तर जोड हळूहळू निकामी होतो. ही भीती अनाठायी नाही. पण याच उत्पादकांपैकी काही जण काही कपलरांसाठी तारांच्या तुकड्यासह तयार आवरण, ज्याला बाजारात पिगटेल म्हणतात, विकत असतात. म्हणजे सुटा भाग देणे अशक्य नाही, तो कोणत्या कपलरसाठी द्यायचा हे व्यापारी गणितावर ठरते. उरलेल्या ठिकाणी भंगारात निघालेल्या हार्नेसमधून कपलर कापून आणण्याचा धंदा आपोआप उभा राहतो, किंवा मोडक्या लिव्हरवर प्लास्टिकचा टाय आवळून गाडी सोडली जाते.

हाच प्रश्न आता शेतात पोचला आहे. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांना प्रदूषणाची चौथी पायरी लागू झाली आणि त्यांत कॉमन रेल इंजिने व त्यांची युनिटे आली. ऊस ओढण्यासाठी चिकोडी, अथणी, निपाणीकडे मोठ्या शक्तीचे ट्रॅक्टर घेतले जातात, गळीत हंगामात ते रात्रंदिवस धुळीत आणि पाचटीत चालतात, आणि हंगामाच्या मध्यावर हार्नेससाठी थांबणे कोणत्याही मालकाला परवडत नाही.

दुसरीकडे वीजवाहनांत लिव्हरकडे वेगळेच काम आले आहे. ६० व्होल्टच्या वरच्या एकदिश प्रवाहासाठी वापरल्या जाणाऱ्या नारिंगी तारांच्या अनेक कपलरांवर दोन टप्प्यांची लिव्हर असते: पहिल्या टप्प्यात एक लहान इशारा-सर्किट तुटते, त्यावरून युनिट बॅटरीचे कॉन्टॅक्टर (मुख्य प्रवाह तोडणारे स्विच) उघडते, आणि मध्ये भाग पाडलेल्या थांब्यानंतरच दुसऱ्या टप्प्यात मुख्य टर्मिनल सुटतात. या कपलरमध्ये तुटकी लिव्हर टायने आवळून गाडी सोडण्याचा मार्ग नाही, कारण लिव्हर जागेवर नसेल तर इशारा-सर्किट जुळत नाही आणि गाडी सुरूच होत नाही.