मुद्दाम जुनं दिसणारं घर: शॅबी शिकची पार्श्वभूमी

घर मुद्दाम जुनं आणि पडझड झालेलं दिसावं म्हणून पैसे खर्च करायची हौस आजची नाही. १७८३ मध्ये फ्रान्समधल्या व्हर्सायच्या राजवाड्याच्या बागेत राणी मारी आंत्वानेतने स्वतःसाठी एक छोटं खेडंच बांधायला घेतलं. रिशार मीक हा तिचा आर्किटेक्ट, त्याने तळं, पाणचक्की, दूधघर, गवताने शाकारलेली घरं असं सगळं उभं केलं आणि मग रंगाऱ्यांना बोलावून नव्या कोऱ्या भिंतींवर तडे, उडालेला गिलावा, झिजलेल्या विटा हे सगळं ब्रशने काढून घेतलं. आत मात्र राणीला शोभेल असंच फर्निचर होतं. ही कल्पना तिची एकटीचीही नव्हती, त्याच्या नऊ वर्षं आधी शांतीयीला एका राजपुत्राने असंच खेडं बांधलं होतं, रूसो या विचारवंताच्या लिखाणामुळे निसर्गाकडे परत चला, साधं राहा ही हवा तेव्हा फ्रान्सच्या वरच्या वर्गात जोरात होती.

आज इन्स्टावर जे दिसतं, म्हणजे पांढरट रंग उडालेली कपाटं, फिकट गुलाबांचे पडदे, लेसचा टेबलक्लॉथ, पत्र्याच्या झारीत ठेवलेली फुलं, त्याला कोणी शॅबी शिक म्हणतं, कोणी फार्महाऊस, कोणी कॉटेजकोर. बघणाऱ्याला वाटतं हे युरोपातल्या खेड्यातलं साधं घर असणार. पण यातल्या एकेका गोष्टीचा माग काढला की कळतं की गुलाबांचं कापड एकीकडून आलंय, पांढरा रंग दुसरीकडून, आणि झिजलेपणाचं प्रेम तिसरीकडूनच. मला हे जाणून घेणं फार गरजेचं वाटतं, कारण आपल्याकडे हल्ली ही स्टाईल करायच्या नादात चांगल्या चांगल्या जुन्या वस्तूंची वाट लागतेय, त्यावर खाली येतेच.

आधी कापड. पांढऱ्या जमिनीवर वेली आणि फुलं हे जे इंग्लिश कॉटेजचं म्हणून ओळखलं जातं ते कापड मुळात आपल्या देशाच्या पूर्व किनाऱ्यावरचं, मछलीपट्टण आणि त्या पट्ट्यातलं. आपल्या आज्या-पणज्या चिटाचा परकर म्हणायच्या ते चीट याच कुळातलं. सतराव्या शतकात डच आणि इंग्रज कंपन्यांनी ते जहाजं भरभरून युरोपात नेलं आणि तिकडे लोक वेडे झाले, कारण धुतल्यावर न जाणारा रंग सुती कापडावर बसवायची विद्या त्यांच्याकडे नव्हतीच. आपल्या कारागिरांची पद्धत बघा, सुती कापड आधी हिरडा आणि म्हशीच्या दुधात भिजवून वाळवायचं, मग बोरूच्या कलमाने जिथे काळं हवं तिथे लोखंडाचं पाणी आणि जिथे लाल हवं तिथे तुरटीचं पाणी लावायचं, मग लाल रंग देणाऱ्या मुळ्या घातलेल्या पाण्यात सगळं कापड उकळायचं. तुरटी लागलेल्या जागीच लाल पक्का बसतो, बाकीचा धुऊन जातो. निळ्यासाठी उरलेलं सगळं मेणाने झाकायचं आणि कापड निळीच्या हौदात बुडवायचं, पिवळा शेवटी वरून हाताने. एकेका कापडाला किती धुण्या आणि किती उन्हं लागत असतील!

आणि ती पांढरी जमीन? तीसुद्धा ऑर्डर देऊन करून घेतलेली. १६४३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधल्या डायरेक्टरांनी हिंदुस्थानातल्या आपल्या माणसांना लिहून कळवलं होतं की रजयांच्या लाल जमिनी इथे फारशा चालत नाहीत, पांढरी जमीन जास्त ठेवा आणि फुलं-फांद्या रंगीत करा. म्हणजे गिऱ्हाईक तिकडचं, हात इकडचा, आणि त्यातून जे तयार झालं ते पुढे तीनशे वर्षं 'अस्सल इंग्लिश' म्हणून मिरवलं.

या कापडाने तिथल्या लोकर-रेशीमवाल्यांचा धंदा इतका बसवला की फ्रान्सने १६८६ मध्ये त्याच्यावर बंदीच घातली, ती उठली थेट १७५९ मध्ये. इंग्लंडने आधी १७०० मध्ये छापील कापडाच्या आयातीवर कायदा केला आणि १७२१ मध्ये बहुतेक सगळं छापील सुती कापड अंगावर घालायला आणि घरात वापरायलाही बंदी केली. तरी लोक चोरून आणतच होते आणि हाताशी असलेला तुकडान् तुकडा जपत होते, इंग्लंडमधल्या लेव्हन्स हॉल या जुन्या वाड्यात १७०८ च्या सुमाराचं एक ठिगळकाम आहे, आपल्या गोधडीसारखंच, आणि ते भारतीय चिटाच्या तुकड्यांचं आहे. आजच्या पॅचवर्क रजईवाल्या बेडरूमच्या फोटोमागे हे असं आहे.

फ्रान्समधली बंदी उठल्यावर १७६० मध्ये ओबरकाम्फ नावाच्या मूळच्या जर्मन माणसाने व्हर्सायजवळ जूई गावात छपाईचा कारखाना काढला. पांढऱ्यावर एकाच रंगात, लाल किंवा निळ्यात, मेंढपाळ, झोपाळे, कुत्री, झाडं अशी चित्रं असलेलं जे कापड आज उशांवर आणि वॉलपेपरवर दिसतं ते याच गावाच्या नावाने ओळखलं जातं. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापल्यामुळे त्यातल्या रेघा इतक्या बारीक आल्या. कारखाना १८४३ मध्ये बंद झाला, डिझाईन अजून चालूच आहेत.

आता पांढरा रंग, आणि इथे मला सगळ्यात जास्त बोलायचंय. हलका करडा, दुधी पांढरा, थोडा निळसर, हा रंगांचा मेळ मुख्यतः स्वीडनमधून आला. तिथला तिसरा गुस्ताव १७७१ मध्ये पॅरिसमध्ये असतानाच वडील गेल्याची बातमी आली आणि तो राजा झाला. व्हर्सायचा थाट त्याच्या डोक्यात बसलेला होता. पण फ्रान्ससारखा सोन्याचा मुलामा आणि महागडं परदेशी लाकूड सगळ्यांना कुठून परवडणार? मग सरदारांच्या, पाद्र्यांच्या, पुढे सधन शेतकऱ्यांच्या घरात तेच आकार स्थानिक पाइन आणि बर्चच्या लाकडात कोरले गेले आणि वर जवसाच्या तेलातला फिकट रंग दिला गेला. पाइन मऊ, त्यात गाठी भरपूर, रंग दिला की गाठी झाकल्या जातात. शिवाय तिकडच्या हिवाळ्यात दिवस जेमतेम काही तासांचा, मेणबत्ती महाग, त्यामुळे खोलीत जितकं फिकट तितका उजेड जास्त. फर्निचर पांढरं रंगवायची पद्धत पडली ती अशी, स्वस्त लाकूड झाकायला आणि उजेड वाढवायला! नंतर कार्ल लार्सन या चित्रकाराने सुंडबोर्न गावातल्या आपल्या घराची जलरंगातली चित्रं १८९९ मध्ये पुस्तकात छापली आणि ते घर जगभर पोचलं. त्या घरातलं विणकाम आणि बरंचसं फर्निचरचं डिझाईन त्याची बायको कारिन हिचं होतं, तिचं नाव मात्र फार उशिरा घेतलं गेलं.

झिजलेपणाबद्दलचा आदर ही तिसरी गोष्ट, आणि त्यासाठी विल्यम मॉरिस या इंग्रज डिझायनरकडे जावं लागतं. त्याचे पक्ष्यांचे आणि वेलींचे छाप सगळ्यांना माहीत असतात, स्ट्रॉबेरी चोरणाऱ्या पक्ष्यांचं ते १८८३ चं डिझाईन तर आज मोबाईल कव्हरवरही मिळतं. पण १८७७ मध्ये त्याने जुन्या इमारतींसाठी एक संस्था काढली तिची आठवण कमी लोकांना असते. तेव्हा इंग्लंडात जुनी चर्चं 'दुरुस्त' करायची म्हणून भिंतींवरचा जुना गिलावा खरवडून, नवे दगड बसवून त्यांना नव्यासारखं करायची लाट आली होती. मॉरिसचं म्हणणं असं की इमारतीवर काळाने जे उमटवलंय तो तिचाच भाग आहे, तो काढू नका, नुसती रोजची निगा राखा. या संस्थेला लोक 'खरवडू नका'वाले म्हणायला लागले. आज आपण जुन्या टेबलावरचा डाग बघून 'राहू दे, छान दिसतोय' म्हणतो त्यामागे ही माणसं आहेत.

मग दुसरं महायुद्ध. ब्रिटनमध्ये १९४१ ते १९४९ कपड्यांवर रेशनिंग होतं, १९४२ पासून फर्निचरसुद्धा सरकारी नमुन्यांचं आणि सुरुवातीला फक्त नवविवाहितांना आणि बॉम्बहल्ल्यात घर गेलेल्यांना मिळायचं. बाकीच्यांनी पडदे उलटून शिवले, चादरींना ठिगळं लावली, जुन्या खुर्च्यांना कव्हरं घातली. युद्धानंतर कराच्या ओझ्याने शेकडो मोठी खेड्यातली घरं पाडली गेली आणि त्यातलं सामान लिलावात कवडीमोलाने गेलं. याच काळात जॉन फाउलर आणि नॅन्सी लँकेस्टर या सजावटकार जोडीने फिकट चिंट्झ (म्हणजे वर सांगितलेलं फुलांचं चीट), झिजलेला गालिचा, जरा उडालेला रंग हे सगळं मुद्दाम एकत्र आणून श्रीमंतांची घरं सजवली, नवं कापड फार भडक दिसतं म्हणून ते चहाच्या पाण्यात बुडवून मंद करायची युक्ती याच मंडळींची सांगितली जाते. लँकेस्टर मूळची अमेरिकेतल्या व्हर्जिनियाची होती, कदाचित बाहेरून आल्यामुळेच तिला त्या घरांमधलं सौंदर्य जास्त स्पष्ट दिसलं असावं.

हा थाट सामान्य घरात आणला लॉरा अ‍ॅशलीने. १९५३ मध्ये लंडनच्या छोट्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघरातल्या टेबलावर नवऱ्याबरोबर रुमाल आणि नॅपकिन छापायला सुरुवात केली, पुढे वेल्समध्ये कारखाना, बारीक फुलांची कापडं, वॉलपेपर, आणि सत्तर-ऐंशीच्या दशकात जगभर दुकानं. मग अर्थात लोकांना त्याचा कंटाळाही आला, १९९६ मध्ये आयकियाने ब्रिटनमध्ये 'चिंट्झ फेकून द्या' अशी जाहिरातच केली.

पण तोपर्यंत अमेरिकेत गाडी वेगळ्या रुळावर गेली होती. रेचल अ‍ॅशवेल ही इंग्लंडची बाई, आईवडील जुन्या बाहुल्या आणि जुन्या पुस्तकांच्या व्यवहारातले, त्यामुळे जुन्या बाजारात फिरणं लहानपणापासून. १९८९ मध्ये तिने कॅलिफोर्नियात सांता मोनिकाला शॅबी शिक नावाचं दुकान काढलं. तिची खरी चलाखी सोफ्याच्या कव्हरात होती, पांढरं, ढगळ, थोडं चुरगळलेलं आणि काढून मशीनमध्ये धुता येणारं, कारण घरात लहान मुलं. पांढरा सोफा म्हणजे हात लावू नका हा समज तिने मोडला. आणि जुन्या बाजारातलं रंग उडालेलं टेबल न रंगवता तसंच त्या सोफ्याशेजारी ठेवलं. २००४ पासून टार्गेट या मोठ्या साखळी दुकानात तिच्या नावाचा माल आला, २००९ च्या मंदीत तिच्या कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली, पण तोवर ती स्टाईल तिच्या हातातून निघून सगळ्यांची झाली होती. दुसरीकडे अ‍ॅनी स्लोनने १९९० मध्ये चॉक पेंट बाजारात आणला, जो न घासता, प्रायमर न मारता थेट लाकडावर बसतो आणि वर मेण लावून कडा घासल्या की तासाभरात वस्तू शंभर वर्षांची दिसते. २०१३ पासून टेक्ससमधल्या एका टीव्ही शोने फार्महाऊस प्रकार घरोघरी नेला, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये कॉटेजकोर जोरात आलं, ते सगळं आपल्या डोळ्यासमोरचं आहे.

फॅक्टरीतून झिजवून आलेली वस्तू ओळखायला सोपी आहे. खरं जुनं कपाट ड्रॉवरच्या मुठीभोवती, खाली जिथे झाडू आणि पाय लागतात तिथे, आणि दाराच्या ज्या कडेला बोटं लागतात तिथेच झिजतं. मशीनवालं चारही कोपऱ्यांना सारखं घासलेलं असतं, मागच्या बाजूलाही, जिथे कुणाचा हात पन्नास वर्षांत गेला नसता.

आता आपल्याकडचं. मुंबईत चोर बाजारची मटण स्ट्रीट आणि जोगेश्वरी-ओशिवऱ्याचा फर्निचर बाजार, इथे पाडलेल्या वाड्यांचे खांब, पारशी घरांतली कपाटं, इराणी हॉटेलांतल्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या मिळतात, आणि त्या खुर्च्यांचं मूळ मॉडेल व्हिएन्नाच्या थोनेट कंपनीचं, १८५९ चं, म्हणजे व्हिंटेज शोधायला लांब जायलाच नको. पण आपलं जुनं फर्निचर बहुतेक बर्मा टीकचं किंवा शिसवीचं. त्याला रंग कधी दिलाच नव्हता कारण झाकण्यासारखं काही नव्हतंच, लाखेचं स्पिरिट पॉलिश करायचे, कापडाच्या बोळ्याने, एकावर एक हात. असं कपाट आणून त्यावर पांढरा चॉक पेंट थापलेला बघितला की जीव तुटतो, अक्षरशः. स्वीडनमध्ये पाइन रंगवलं ते सागवान मिळत नव्हतं म्हणून! लाखेचं पॉलिश स्पिरिटने सहज निघतं आणि पुन्हा करता येतं, पण सागाच्या रेषांमध्ये शिरलेला पांढरा रंग काढायचा म्हणजे वरचा थरच घासून टाकावा लागतो. पांढरं हवंच असेल तर हलक्या लाकडाची, प्लायची, आधीच रंगवलेली वस्तू घ्या, ती खुशाल रंगवा.

पोपडे आलेली भिंत हा प्रकारही कोकणात आणि मुंबईत जपूनच. तिकडच्या कोरड्या थंडीत पोपडे वर्षानुवर्षं तसेच राहतात, आपल्याकडे त्यामागे ओल असते आणि एका पावसाळ्यात बुरशी धरते. त्यापेक्षा चुन्याची सफेदी बरी, ती भिंतीला श्वास घेऊ देते आणि उन्हात सुंदर मंद दिसते.

आणि जुना ऑइल पेंट असलेला दरवाजा किंवा खिडकी आणलीत तर कोरडा पॉलिश पेपर मारू नका. जुन्या रंगांत शिसं असायचं, अमेरिकेने घरगुती रंगांत त्याच्यावर १९७८ मध्येच बंदी घातली, आपल्याकडे शिशासाठी ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ मध्ये लागू झाली, त्यामुळे त्याआधीच्या कुठल्याही रंगाची धूळ धोक्याचीच धरायची. पाणी मारत ओलं घासायचं, चांगला मास्क लावायचा, लहान मुलं आणि गरोदर बाई घरात असतील तर काम बाहेर करून घ्यायचं, आणि खाली पडलेला चुरा झाडायचा नाही, ओल्या फडक्याने पुसून ते फडकं टाकून द्यायचं.