व्यायामाचे शरीराला आणि मेंदूला होणारे फायदे

व्यायाम म्हणजे तब्येत चांगली राहावी म्हणून ठरवून आणि नेमाने केलेली शरीराची हालचाल. चालणं, पळणं, पोहणं, सायकल, जोर-बैठका, सूर्यनमस्कार, मल्लखांब, जिममध्ये वजनं उचलणं हे सगळं यात आलं. शेतात राबणं, पाण्याचे हंडे वाहणं, जिने चढणं याला रूढ अर्थाने कोणी व्यायाम म्हणत नाही पण हृदयाला आणि स्नायूंना तेवढा फरक कळत नाही, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली ज्या सूचना काढल्या त्यातही घरकाम, कामावरची मेहनत, येणं-जाणं सगळं धरलंय.

आपल्याकडे व्यायाम आणि वजन यांची इतकी घट्ट गाठ बसलीय की लोक जिम लावतात, दोन महिने घाम गाळतात, काटा दीड किलोच हलला म्हणून सोडून देतात, आणि तोवर बीपी, साखर, झोप, जिना चढतानाचा दम हे सगळं सुधारायला लागलेलं असतं त्याकडे कोणाचं लक्षच जात नाही. वजन उतरवण्यात खाण्याचा वाटा मोठा आणि व्यायामाचा त्यामानाने लहान असतो. व्यायामाचे बाकीचे जे मोठे फायदे आहेत ते वजन जागचं हललं नाही तरी मिळतात, म्हणून या नोंदीत त्यांच्यावरच भर दिलाय.

लंडनच्या बसमधले कंडक्टर

व्यायाम आणि हृदयविकार यांचा संबंध आकड्यांनी दाखवून दिला तो ब्रिटिश डॉक्टर जेरी मॉरिस यांनी. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये हार्ट अटॅकने मरणारे लोक वाढत चालले होते आणि कारण कोणालाच नीट सांगता येत नव्हतं. मॉरिस यांनी लंडनच्या डबलडेकर बसवरचे कर्मचारी निवडले. ड्रायव्हर आणि कंडक्टर साधारण एकाच थरातले, पगारात फार फरक नाही, राहणीमान सारखं, बस पण तीच, फक्त ड्रायव्हर अख्खी ड्युटी बसून आणि कंडक्टर तिकिटं काढत दिवसभर वरखाली, रोजच्या ५०० ते ७५० पायऱ्या. १९५३ साली त्यांचा निष्कर्ष छापून आला की कंडक्टरांना हृदयविकार ड्रायव्हरपेक्षा बराच कमी होतो, झाला तरी उशिरा होतो आणि जीव जाण्याचं प्रमाणही कमी असतं. मग त्यांनी टपाल खात्यात बघितलं, तिथेही पायी किंवा सायकलवर टपाल वाटणारे पोस्टमन आणि टेबलाशी बसणारे कारकून यांच्यात तसाच फरक निघाला.

यावर लगेच शंका आली की जाडी माणसंच मुळात ड्रायव्हर होत असतील तर? शंका रास्त होती. मॉरिस यांनी त्यासाठी कर्मचाऱ्यांच्या युनिफॉर्मच्या पँटची कंबरेची मापं मिळवली. ड्रायव्हरांची कंबर खरंच मोठी होती. पण सडपातळ, मध्यम आणि पोट सुटलेले असे गट करून बघितल्यावर प्रत्येक गटात कंडक्टरच सरस निघाले, म्हणजे पोट सुटलेल्या कंडक्टरलाही त्या पायऱ्यांचा फायदा मिळत होता. मॉरिस स्वतः म्हातारपणापर्यंत पोहत राहिले आणि २००९ साली ९९ व्या वर्षी गेले.

शरीरात नेमकं काय होतं

हृदय हा स्नायू आहे. नियमित दम लागेल असा व्यायाम केला की ते एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला लागतं आणि मग आराम करताना त्याला कमी ठोके पुरतात, नाडी ७८ वरून ६८ वर आली तर ती अशी. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड जास्त सुटतं, त्याने वाहिन्या सैल राहतात. बीपीचा त्रास असलेल्यांचा वरचा आकडा नियमित चालण्या-पळण्याने साधारण ५ ते ८ ने उतरतो. हा आकडा लहान दिसला तरी एखाद्या गोळीच्या तोडीचा आहे.

साखरेचं गणित तर आपल्या लोकांनी मुद्दाम समजून घ्यायला हवं. जेवल्यावर रक्तात येणारी साखर साठवायची सगळ्यात मोठी जागा म्हणजे स्नायू, त्यातही मांड्यांचे. एरवी ती आत घ्यायला इन्शुलिन लागतं, पण स्नायू आकुंचन पावत असला की पेशी इन्शुलिनशिवायही साखर आत ओढते. शिवाय व्यायाम संपल्यावरही एक-दोन दिवस स्नायू इन्शुलिनला जास्त चांगला प्रतिसाद देतात, म्हणूनच डायबेटिस असलेल्यांना सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा करू नका असं सांगतात. रविवारी एकदाच दोन तास घाम गाळणाऱ्याचं साखरेच्या बाबतीत बुधवारपर्यंत काही उरत नाही.

इथे पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम सांगायलाच हवं. २००४ साली त्यांनी आणि लंडनचे डॉ. जॉन यूडकिन यांनी आपल्या दोघांचा शेजारी-शेजारी फोटो लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात दिला. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) २२.३, म्हणजे अगदी नॉर्मल. शरीरातली चरबी मात्र यूडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपण दिसायला बारीक आणि आतून चरबी जास्त, स्नायू कमी, असे असतो आणि याची मुळं गर्भातल्या वाढीपर्यंत जातात असं याज्ञिक यांचं म्हणणं आहे. यूडकिन मॅरेथॉन पळणारे होते हेही खरं. तेव्हा "मी काही जाड नाही, मला कशाला व्यायाम" हे वाक्य मराठी माणसाच्या तोंडी सगळ्यात धोक्याचं आहे.

याच धर्तीवरचा दुसरा पुरावा चेन्नईचा. डॉ. ए. रामचंद्रन यांच्या टीमने साखर सीमारेषेवर असलेल्या ५३१ लोकांना तीन वर्षं बघितलं आणि २००६ साली निष्कर्ष दिले. खाण्यात बदल आणि रोजचं चालणं एवढ्यावर डायबेटिस होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन या डायबेटिसच्या गोळीने २६.४ टक्क्यांनी. आणि या लोकांचं वजन फारसं उतरलेलंच नव्हतं!

हाडांबद्दल थोडक्यात, हाडाला भार आणि हादरा लागतो तेव्हाच ते घट्ट राहतं. त्यामुळे पोहणं हृदयाला उत्तम पण हाडांना त्याचा फारसा उपयोग नाही, पाळी गेलेल्या बायकांनी चालणं, जिने आणि वजनं उचलणं हे ठेवायलाच हवं.

न हलण्याची किंमत

व्यायाम न केल्याने काय होतं हे सगळ्यात स्वच्छ दिसलं ते अमेरिकेत डॅलसला. १९६६ साली विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे पलंगावरून उठू दिलं नाही. तेवढ्यात त्यांच्या शरीराची ऑक्सिजन वापरायची कमाल क्षमता पाव भागाहून जास्त पडली. तीस वर्षांनी तेच पाचजण पुन्हा बोलावले, आता पन्नाशीचे, वजनं वाढलेली, आणि मोजल्यावर दिसलं की तीस वर्षांच्या वयाने जेवढी क्षमता गेली त्यापेक्षा त्या तीन आठवड्यांच्या झोपण्याने जास्त गेली होती. मग त्यांना सहा महिने हळूहळू वाढवत व्यायाम दिला आणि तीस वर्षांत गेलेली क्षमता त्यांनी परत मिळवली. आजारपणातून उठलेल्या माणसाला घरचे प्रेमाने "पडून राहा, हलू नकोस" म्हणतात तेव्हा हा प्रयोग आठवावा. डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर त्याला उठवून खोलीतल्या खोलीत का होईना चालवलं पाहिजे.

भारतात आज परिस्थिती वाईट आहे. २०२२ च्या आकडेवारीवर आधारलेल्या आणि २०२४ साली लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये आलेल्या अंदाजानुसार देशातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत, २००० साली हे प्रमाण पाव भागाच्या आत होतं. बायकांचं प्रमाण पुरुषांहून वाईट आहे. त्याचं खापर बायकांच्या आळसावर फोडणं चूक. सकाळचा डबा, मुलांची शाळा, ऑफिस, संध्याकाळचा स्वयंपाक यात स्वतःचा अर्धा तास घरातल्या बाकीच्यांनी काही काम उचलल्याशिवाय निघत नाही, आणि अंधार पडल्यावर रस्त्यावर एकटीने चालायला सुरक्षित वाटेल अशा जागा किती वस्त्यांमध्ये आहेत?

मेंदू

मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्के, पण आराम करतानाही तो सुमारे २० टक्के ऊर्जा खातो. एवढी भूक असलेल्या अवयवाला रक्तपुरवठा सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून जे हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना चांगलं ते मेंदूला चांगलं, हा पहिला आणि साधा मुद्दा. बीपी आणि साखर ताब्यात राहिली की पक्षाघात टळतो आणि बारीक रक्तवाहिन्या खराब होऊन हळूहळू येणारा विसरभोळेपणाही कमी होतो.

दुसरा मुद्दा हिप्पोकॅम्पसचा. कानाच्या बाजूला आत खोल, दोन्हीकडे एकेक असा हा भाग नव्या आठवणी पक्क्या करतो, अल्झायमरमध्ये लवकर झिजतो, आणि उतारवयात निरोगी माणसातही वर्षाला साधारण १ ते २ टक्के आकसतो. अमेरिकेत कर्क एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी १२० वयस्कर लोकांचे दोन गट केले, एक आठवड्यातून तीन दिवस ४० मिनिटं भरभर चालणारा आणि दुसरा नुसतं स्ट्रेचिंग करणारा. वर्षभराने एमआरआय केला तेव्हा स्ट्रेचिंगवाल्यांचा हिप्पोकॅम्पस नेहमीसारखा थोडा आकसलेला होता आणि चालणाऱ्यांचा साधारण २ टक्के वाढलेला. हे २०११ चं काम. ज्यांचा जास्त वाढला त्यांच्या रक्तात बीडीएनएफ हे प्रथिनही जास्त वाढलेलं होतं, हे प्रथिन मेंदूच्या पेशी जगवायला आणि त्यांच्यातले जोड पक्के करायला मदत करतं. चालणं एवढं साधं, तेही साठी उलटल्यावर सुरू केलेलं, आणि तरी मेंदूच्या फोटोत फरक दिसतो ही गोष्ट घरातल्या प्रत्येक आजी-आजोबांपर्यंत पोहोचायला हवी.

मात्र व्हॉट्सअॅपवर फिरतं तसं "व्यायामाने मेंदूत नवीन पेशी तयार होतात" हे ठासून सांगणं बरोबर नाही. उंदरांमध्ये ते पक्कं दिसलंय, १९९९ साली चाकावर पळणाऱ्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या पेशी बऱ्याच जास्त सापडल्या. मोठ्या माणसाच्या मेंदूत नव्या पेशी तयार होतात की नाही यावर शास्त्रज्ञांचे अजून वाद आहेत. फायदा दिसतो हे खरं, तो याच वाटेने येतो हे ठरायचंय. डिमेन्शियाची, म्हणजे स्मृतिभ्रंशाची, जी टाळता येण्यासारखी कारणं लॅन्सेट आयोगाने २०२४ साली मांडली त्या चौदांमध्ये व्यायामाचा अभाव आहे, आणि बीपी, डायबेटिस, नैराश्य, लठ्ठपणा हे व्यायामाने कमी होणारे आणखी चार धोके त्याच यादीत आहेत.

मनावरचा परिणाम तर लोकांना स्वतःलाच जाणवतो. अर्धा तास भरभर चालून आलं की डोकं हलकं होतं. नैराश्यावरही उपयोग तपासलेला आहे, अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात १९९९ साली १५६ जणांवर केलेल्या अभ्यासात १६ आठवड्यांनी व्यायामाचा गट आणि सर्ट्रालिन या नैराश्यावरच्या गोळीचा गट जवळपास सारखेच सुधारले होते, गोळीचा परिणाम सुरुवातीला लवकर दिसला इतकंच. पण ज्याला अंथरुणातून उठवत नाही त्याला "उठ आणि पळायला जा, बरं वाटेल" असं सुनावणं क्रूर आहे. त्याच्यासोबत गल्लीच्या टोकापर्यंत चालत जाणं जास्त कामाचं. आणि चालू असलेल्या गोळ्या मनाने कधीच बंद करायच्या नाहीत.

किती आणि कोणता

मोठ्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा, आणि त्याशिवाय दोन दिवस स्नायूंना ताकद लागेल असा व्यायाम, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मध्यम म्हणजे चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही. सलग दहा मिनिटं तरी हवीत ही पूर्वीची अट काढून टाकलीय, त्यामुळे दोन मजले चढून गेलात तर तेही धरायचं. सगळ्यात जास्त फायदा शून्यावरून थोड्यावर येणाऱ्याला होतो.

आपल्याकडे ताकदीच्या व्यायामाची परंपरा जुनी आहे. पेशवाईच्या शेवटच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांब पुढे आणला, अमरावतीला १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं राहिलं, औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार शाळाशाळांत नेले. कोल्हापुरात तर पेठेपेठेला तालीम. जोर-बैठकांना काही साहित्य लागत नाही, दहा बाय दहाच्या खोलीत होतात. सूर्यनमस्कार भरभर घातले तर दमही लागतो, फक्त त्यात काही ओढण्याची हालचाल नाही, म्हणून पाठीच्या वरच्या भागासाठी बारला लटकणं किंवा पाण्याने भरलेली कळशी उचलून कंबरेपर्यंत ओढणं असं काहीतरी जोडलेलं बरं.

गुडघे दुखतात म्हणून व्यायाम बंद करणाऱ्यांनी उलट मांडीचा पुढचा स्नायू मजबूत केला पाहिजे, झिजलेल्या गुडघ्याला त्याचाच आधार असतो. चालताना छातीत दाब आला, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे कळ गेली, भोवळ आली तर तिथेच थांबून डॉक्टर गाठायचा, गॅस समजून दुर्लक्ष करायचं नाही. इन्शुलिन किंवा साखर पाडणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी आणि अनवाणी चालू नये. मराठवाडा-विदर्भात उन्हाळ्यात पहाटेच उरकावं.

प्रगती बघायची असेल तर काट्यापेक्षा टेप घ्यावी, भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत आणि बाईची ८० च्या आत असावी. सकाळी उठल्या-उठल्या नाडी मोजून कॅलेंडरवर लिहावी. आणि महिन्यातून एकदा साध्या खुर्चीवर हात छातीशी बांधून बसावं आणि ३० सेकंदांत किती वेळा उठता-बसता येतं ते मोजावं, वयस्कर माणसांच्या पायांतली ताकद बघायला फिजिओथेरपिस्टही हीच टेस्ट घेतात.