शाईपेन (शालेय लेखन)

पाटी आणि शिसपेन्सिल यांनंतर शाळकरी मुलांच्या हाती दिले जाणारे फाउंटन पेन. महाराष्ट्रातील मराठी शाळांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चौथीपर्यंत पेन्सिल आणि पाचवीच्या सुमारास शाईपेन, अशी सर्वसाधारण रीत होती.

त्याआधीच्या पिढ्या बोरू आणि टाकावर शिकल्या. तिरप्या कापाच्या बोरूने देवनागरी अक्षराला आपसूक जाड-बारीक वळण येई. शाईपेनात ते वळण गेले, पण दर दोन-चार शब्दांनी दौतीत टाक बुडवण्याची कटकटही गेली. लुइस वॉटरमन यांनी अमेरिकेत १८८४ साली पेटंट घेतलेल्या पेनाने शाईचा प्रवाह बराच आटोक्यात आणला. शाईच्या देशी कारखानदारीत मुंबईच्या दांडेकर बंधूंचे नाव ठळक आहे. त्यांनी १९३१ मध्ये ‘हॉर्स ब्रँड’ शाईची पूड व वड्या काढल्या; हाच उद्योग पुढे कॅमलिन झाला.

मुलांची पेने बहुधा ड्रॉपरने भरायची असत. भरताना बोटे निळी होतच, पण खरी पंचाईत शाई संपत आल्यावर. नळीतल्या रिकाम्या जागेतली हवा हाताच्या उबेने फुगते, उरलेली शाई निबकडे ढकलते आणि वहीवर टपोरा थेंब पडतो. तो टिपायला टिपकागद, नसेल तर फळ्याचा खडू. निबच्या चिरेत कागदाचा तंतू अडकला की तो ब्लेडच्या कडेने हलकेच काढत. दाबून लिहिणाऱ्याची निब फाके. म्हणून आपले पेन दुसऱ्याला लिहायला द्यायचे नाही, हा वर्गातला अलिखित दंडक.

अक्षर बिघडते म्हणून अनेक शिक्षक बॉलपेनला मज्जाव करत. त्यात तथ्य आहे. बॉलपेनची दाट शाई उतरायला जोर लावावा लागतो. निब नुसती टेकली तरी उमटते. मात्र सुंदर अक्षराचे सगळे श्रेय निबला देणे जरा जास्तच. रोज कित्ता गिरवून घेणाऱ्या गुरुजींचाही त्यात वाटा असे. डावखुऱ्या मुलांना तर हा नियम जाचकच, कारण त्यांचा हात ओल्या अक्षरांवरूनच पुढे सरकतो. त्यात शाळा सुरू होणार जूनमध्ये: दप्तर भिजले की पाण्यात विरघळणाऱ्या शाईतला गृहपाठ पानभर ओघळलेला.

स्वस्त बॉलपेने आणि पुढे जेलपेने आल्यावर हा आग्रह सैलावला. आजही काही शाळा शाईपेन वापरायला लावतात, पण आता बाजारात तयार कार्ट्रिजची पेने मिळत असल्याने ड्रॉपर मागे पडला आहे.