ड्रॉप ६ आणि ड्रॉप ६: अमेरिकन सूट की इटालियन?

रेडीमेड सूट ऑनलाइन बघताना साइजच्या शेजारी कधीकधी 'ड्रॉप ६' नाहीतर 'ड्रॉप ७' लिहिलेलं असतं, आणि टीशर्टमधलं ड्रॉप शोल्डर ऐकून असल्यामुळे बऱ्याच जणांना वाटतं की हे खांद्याचंच काहीतरी असणार. तर नाही. छाती आणि कंबर यात किती फरक धरून सूट कापलाय, तो आकडा म्हणजे ड्रॉप. आकडा मोठा तर कंबर बारीक.

गोची पुढे आहे, कारण अमेरिकेतला ६ वेगळा आणि इटलीतला ६ वेगळा.

अमेरिकेत सरळ इंचात वजाबाकी. जॅकेट ४०, पँट ३४, ड्रॉप ६. तिकडे रेडीमेडला साधारण हाच धरतात, म्हणजे ४२ चं जॅकेट उचललं की सोबत ३६ ची पँट येणार, मग तुमची कंबर ३२ असो नाहीतर ३९. जिम करून छाती कमावलेल्यांसाठी ८ चा ड्रॉपही मिळतो.

इटालियन लोक मोजतात सेंटिमीटरमध्ये, आणि तेही निम्म्या मापाने. छाती १०० सेंमी तर साइज ५०. कंबरेचंही निम्मं घ्यायचं आणि या दोन निम्म्यांतला फरक म्हणजे त्यांचा ड्रॉप. ५० ला ड्रॉप ६ म्हणजे ५० वजा ६, ४४, त्याची दुप्पट ८८ सेंमी कंबर. छाती-कंबरेतला खरा फरक झाला १२ सेंमी, पुरता पावणेपाच इंचही नाही! अमेरिकन ६ इंच म्हणजे १५ सेंमीच्या थोडं वर, ते इटालियन ७ आणि ८ च्या मधे कुठेतरी बसतं. त्यामुळे ६ ला ६ समजून इटालियन सूट मागवला तर पँट ढगळ येणार, जॅकेटही पोटाशी सैल, आणि आपण साइज चुकली म्हणून डोकं धरून बसणार.

आपल्या टेलरमास्तरांना या आकड्याची गरजच नसते, ते छाती वेगळी, कंबर वेगळी, सीट वेगळी मापतात. त्यांच्याकडे जायची वेळ येते ती रेडीमेड बिघडल्यावर. पँट दीडेक इंच आत घेतली तर चालून जातं, फार घेतली की मागचे खिसे एकमेकांना चिकटायला लागतात. सैल करायची असेल तर आत माया, म्हणजे शिवणीतलं जादा कापड, किती सोडलंय त्यावर सगळं. म्हणून जॅकेट-पँट सुटी मिळत असेल तर मी सुटीच घेतो.

आणि ड्रॉप कुठला हे कळत नसेल तर साइज बघा. ३८, ४०, ४२ असेल तर इंच, ४८, ५०, ५२ असेल तर बहुतेक निम्मे सेंमी.