जुन्या पोर्शे ९११ चं ऑइल चालू इंजिनवर का बघतात?

आपल्याकडे गाडीचं ऑइल बघायची पद्धत ठरलेली आहे. सकाळी गाडी गार असताना सपाट जागी उभी करायची, बॉनेट उघडायचं, डिपस्टिक काढून फडक्याने पुसायची, परत आत घालून काढायची आणि दोन खुणांच्या मध्ये ऑइल दिसतंय का बघायचं, झालं. मारुती ८०० पासून इनोव्हापर्यंत सगळ्यांना हे चालून जातं. पण हाच प्रयोग १९६४ ते १९९८ च्या काळातल्या एअर-कूल्ड, म्हंजे पाण्याऐवजी हवेने गार होणाऱ्या पोर्शे ९११ वर केला तर काठी कोरडी ठणठणीत बाहेर येऊ शकते, गाडीत पुरेसं ऑइल असतानासुद्धा. मग नवा मालक घाबरतो, दोन लिटर ओततो, आणि ठीकठाक चाललेल्या इंजिनला उगाच धूर काढायला लावतो.

या गाडीचं ऑइल बघायचं ते इंजिन चांगलं तापलेलं, गाडी सपाटीवर आणि इंजिन आयडलला, म्हंजे अॅक्सिलरेटर न दाबता, चालू असताना. हो, चालू असताना. पहिल्यांदा ऐकलं की वेडेपणा वाटतो, पण कारण समजलं की दुसरी कुठली पद्धत चालूच शकत नाही हे पटतं.

नेहमीच्या गाडीत सगळं ऑइल इंजिनच्या तळाशी असलेल्या चेंबरमध्ये साठलेलं असतं, पंप तिथूनच ते ओढतो आणि वर बेअरिंगला, कॅमला पाठवतो. रोजच्या ड्रायव्हिंगला एकदम झकास. पण गाडी जोरात वळवली की ऑइल एका बाजूला चढतं. किती चढतं याचा हिशोब शाळेतल्या फिजिक्सचा आहे, वळणावरचा बाजूचा जोर गुरुत्वाकर्षणाएवढा, म्हंजे १ जी झाला की ऑइलचा पृष्ठभाग बरोबर ४५ अंशात तिरका होतो. रेस ट्रॅकवर चांगल्या टायरच्या गाडीला १ जी ही काही फार लांबची गोष्ट नाही. अशा वेळी पंपाचं तोंड उघडं पडलं तर पंप ऑइलऐवजी हवा ओढतो, आणि क्रँकशाफ्ट, म्हंजे इंजिनचा मुख्य फिरणारा दांडा, ज्या काही मायक्रॉनच्या ऑइलच्या थरावर तरंगत असतो तो थरच तुटतो. धातूवर धातू आला की बेअरिंगचं काम तमाम व्हायला काही सेकंद पुरतात.

पोर्शेच्या स्टुटगार्टच्या इंजिनियर लोकांनी यावर ड्राय संप वापरला. इंजिनच्या तळाशी ऑइल साठवायचंच नाही, वेगळी टाकी द्यायची. ९११ मध्ये इंजिन मागे असतं आणि ही टाकी उजव्या मागच्या चाकाजवळ, फेंडरच्या आत उभी बसवलेली असते. इंजिनमध्ये पंप दोन, एकाच शाफ्टवर फिरणारे. एक टाकीतलं ऑइल प्रेशरने इंजिनला देतो, दुसरा इंजिनच्या तळाशी गळून आलेलं ऑइल उपसून टाकीकडे परत पाठवतो. हा उपसणारा पंप मुद्दाम मोठा ठेवलेला असतो कारण तळ कोरडा राहायला पाहिजे, त्यामुळे तो ऑइलबरोबर भरपूर हवाही ओढतो आणि टाकीत फेसाळ ऑइल येऊन पडतं. तिथे ते थोडं स्थिरावतं, हवा वर निघते, आणि मग ते परत कामाला लागतं. टाकी उंच असण्याचं आणखी एक कारण, ऑइल ओढणाऱ्या पाइपाचं तोंड तळाशी बुडालेलं राहतं, वळणावर ऑइल कितीही हललं तरी.

आता खरी गोम. इंजिन बंद केलं की उपसणारा पंपही बंद, आणि टाकीतलं ऑइल पंपाच्या गियरमधल्या बारीक फटींतून हळूहळू खाली इंजिनमध्ये झिरपतं. रात्रभरात टाकीची लेव्हल बरीच उतरू शकते. ऑइल कुठे गेलेलं नाही, गाडीतच आहे, फक्त काठी जिथे आहे तिथे नाही. सकाळी स्टार्ट केल्यावर या गाड्या कधीकधी निळसर धुराचा एक ढग सोडतात त्याचं नातंही याच्याशीच आहे, सिलिंडर आडवे असल्यामुळे थोडं ऑइल पिस्टन रिंगच्या पलीकडे जाऊन बसलेलं असतं. जुन्या कास्ट आयर्न इंजिनची बुलेट ज्यांनी सांभाळली आहे त्यांना हे लगेच कळेल. तिच्यातही ड्राय संपच, फक्त टाकी क्रँककेसच्या ओतकामातच बसवलेली, आणि बरेच दिवस उभी राहिली की ऑइल क्रँककडे उतरतं आणि लेव्हल कमी दिसते. जाणता मेकॅनिक ती आधी थोडा वेळ चालवतो आणि मगच ऑइल बघतो.

गरम का, याचं उत्तर वेगळं आहे. ऑइल तापलं की फुगतं, दर अंशाला साधारण ०.०७ टक्के. २० अंशांवरून ९० अंशांवर गेलं म्हंजे ७० अंशांचा फरक, जवळपास ५ टक्के. चेंबरमध्ये साडेतीन लिटर ऑइल असलेल्या छोट्या गाडीत हा फरक पावणेदोनशे मिलीचा, कोणी लक्षही देणार नाही. पण ९११ मध्ये मॉडेलप्रमाणे ९ ते १३ लिटर ऑइल असतं, कारण पाणी नसल्याने पंख्याच्या हवेसोबत इंजिन गार ठेवायची मोठी जबाबदारी ऑइलवर आहे. १० लिटर धरलं तरी अर्धा लिटर नुसत्या फुगण्यातच आला! काठीवरच्या खालच्या आणि वरच्या खुणेत अंतर दीड लिटरच्या आसपास, म्हंजे तापमान चुकलं की एक तृतीयांश रीडिंग गेलं. त्यात पुढच्या फेंडरमध्ये वेगळा कूलर असलेल्या गाड्यांमध्ये थर्मोस्टॅट ८५ अंशांच्या आसपास उघडतो आणि तेव्हा कुठे ऑइल त्या लांबलचक पाइपांतून फिरायला लागतं. पाच मिनिटं गल्लीत फिरवून आणलेली गाडी तापलेली नसते, वीसेक मिनिटं नीट चालवावी लागते.

डॅशबोर्डवर ऑइल लेव्हलचा काटाही असतो, टाकीतल्या फ्लोटला जोडलेला. तो फक्त गरम गाडी सपाटीवर आयडलला असतानाच खरं सांगतो. रस्त्यावर वेगात असताना बरंचसं ऑइल इंजिनमध्ये फिरत असतं म्हणून काटा चक्क तळाला जातो, आणि नवे लोक हायवेवर गाडी बाजूला घेऊन घामाघूम होतात. प्रेशरचा काटा ठीक असेल तर गप गाडी चालवावी.

१९७२ च्या मॉडेलची गंमत तर सांगायलाच पाहिजे. त्या वर्षी पोर्शेने टाकी मागच्या चाकाच्या पुढे सरकवली, वजन थोडं मध्याकडे यावं म्हणून, आणि ऑइल भरायला उजव्या दरवाजामागे बाहेरूनच एक छोटं झाकण दिलं. दिसायला हुबेहूब पेट्रोलच्या झाकणासारखं. पंपावरची पोरं त्यात पेट्रोल भरायला लागली असं सांगतात, आणि १९७३ च्या मॉडेलला झाकण गायब. डिझाइन उत्तम होतं, माणसं नेहमीचीच.

नंतरच्या गाड्यांत, समजा ७८ ते ८३ मधली ९११ एससी, मागचं इंजिनचं झाकण उघडलं की उजवीकडे ऑइलची कॅप दिसते आणि तिच्याच आत काठी. कॅप उघडताच इंजिन गचके खाऊ लागतं, कधी बंदच पडतं. बिघाड नाही हा, उलट चांगलं लक्षण. टाकीचा ब्रीदर, म्हंजे आतली हवा बाहेर सोडणारा पाइप, इंजिनच्या इनटेकला (हवा आत घेणाऱ्या भागाला) जोडलेला असतो, कॅप काढली की न मोजलेली हवा आत शिरते आणि पेट्रोल-हवेचं प्रमाण बिघडतं. कॅप काढूनही इंजिनला काहीच फरक पडत नसेल तर हवा आधीच दुसरीकडून कुठून तरी आत येतेय. काठी बाहेर येताना मानेच्या भिंतीला घासून वरपर्यंत माखते, म्हणून दोन-तीनदा पुसून बघावी आणि सगळ्यात खालचं रीडिंग खरं धरावं.

लेव्हल दोन खुणांच्या मध्यावर असेल तर काहीही टाकू नका, वरच्या खुणेपर्यंत नेलंच पाहिजे हा हट्ट इथे सोडावा. खालच्या खुणेजवळ असेल तर अर्धा लिटर टाका, दोन मिनिटं थांबा, परत बघा. जास्त झालं तर काय होतं? नेहमीच्या गाडीत क्रँक ऑइलमध्ये बुडतो आणि रवीने ताक घुसळावं तसा फेस काढतो. ९११ मध्ये जास्तीचं ऑइल ब्रीदरच्या पाइपातून थेट एअर फिल्टरच्या डब्यात जातं, तिथून सिलिंडरमध्ये, मग निळा धूर आणि काळे प्लग. ही इंजिनं थोडं ऑइल पितातच, पोर्शेच्या मॅन्युअलमध्येच १००० किलोमीटरला दीड लिटरपर्यंत चालेल असं लिहिलेलं असतं, आजच्या गाडीला एवढं लागलं तर मालक शोरूममध्ये धरणं धरेल.

ऑइल कुठलं, यावर मालक लोक तासन्‌तास भांडतात. २०डब्ल्यू-५० ही घट्ट ग्रेड बऱ्याच जणांची आवडती. असं ऑइल ४० अंशांना १६० सेंटीस्टोकच्या (घट्टपणा मोजायचं एकक) आसपास घट्ट असतं आणि १०० अंशांना १८ च्या आसपास येतं, नऊ पट पातळ, तरीही तापलेल्या बेअरिंगला पुरेसा थर धरून ठेवतं. दुसरा मुद्दा झिंक-फॉस्फरसच्या अॅडिटिव्हचा. या इंजिनात व्हॉल्व्ह उघडणारा कॅम मधल्या रॉकर नावाच्या पट्टीवर सरळ घासतो, मध्ये रोलर नाही, आणि तिथे ही रसायनं पृष्ठभागावर एक संरक्षक थर तयार करतात. फॉस्फरसने धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो म्हणून २००४ पासूनच्या स्टँडर्डने पातळ ग्रेडच्या ऑइलमध्ये तो ०.०८ टक्क्यांच्या आत आणला. नव्या गाड्यांना ते बरोबरच आहे, पण शोरूममधलं सगळ्यात महागडं ०डब्ल्यू-२० आणून या जुन्या इंजिनात ओतू नये.

ऑइल बदलतानाही टाकी आणि इंजिन, दोन्हीकडचे ड्रेन प्लग उघडावे लागतात, आणि तरीही कूलर आणि पाइपांमध्ये दोन-तीन लिटर जुनं ऑइल राहतंच. म्हणून मॅन्युअलमधला एकूण क्षमतेचा आकडा बघून तेवढे डबे ओतायचे नाहीत. आधी आठेक लिटर भरायचं, गाडी फिरवून तापवायची आणि उरलेलं आयडलला काठी बघत बघत टाकायचं.