बीटा म्हणजे चालू की बंद? कुबरनेटीजमधल्या फीचर गेटची पार्श्वभूमी

कुबरनेटीज म्हणजे अनेक मशीनवर मिळून सॉफ्टवेअर चालवणारी यंत्रणा; त्या मशीनच्या गटाला क्लस्टर म्हणतात आणि त्यातल्या एकेका मशीनला नोड. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपचा क्लस्टर कुबरनेटीजच्या १.२६ आवृत्तीवरून १.२७ वर नेताना तिसऱ्या नोडवरचं क्यूबलेट, म्हणजे त्या मशीनवर कुबरनेटीजचं काम बघणारा प्रोग्राम, काही केल्या उठेना. ऑफिसमागच्या खोलीत तीनच मशीन. ते काम बघणारा खानापूरचा मुलगा फोनवर म्हणाला, “दादा, दोन नोड झाले व्यवस्थित, हाच अडलाय बघा.” लॉगमध्ये एकच तक्रार परत परत येत होती: ‘इफेमरल कंटेनर्स’ नावाचं फीचर गेट, म्हणजे एखादी सोय चालू-बंद करायचं बटण, ओळखीचं नाही. चालत्या पॉडमध्ये, म्हणजे एकत्र चालणाऱ्या कंटेनरांच्या (डबाबंद प्रोग्रामांच्या) गटात, डोकावता यावं म्हणून १.२२ च्या दिवसांत कुणीतरी ते गेट उघडलं होतं. पुढं क्लस्टरचा मुख्य कारभार बघणाऱ्या एपीआय सर्व्हरच्या फाइलमधून आणि दोन नोडवरून ती ओळ निघाली, तिसऱ्यावर राहून गेली. ओळ काढली, क्यूबलेट उठलं.

गेट एका जागी उघडून भागत नाही, ही पहिली गोष्ट इथंच दिसते. एपीआय सर्व्हर, शेड्युलर, कंट्रोलर मॅनेजर आणि प्रत्येक नोडवरचं क्यूबलेट, कुबरनेटीजच्या या भागांपैकी ज्याला त्या सोयीशी देणंघेणं आहे त्या प्रत्येकाला वेगळं सांगावं लागतं. टिळकवाडीत रेल्वेच्या तिसऱ्या गेटला उड्डाणपूल झाला, तरी पत्ता सांगताना आपण गेटच म्हणतो आणि माणूस बरोबर पोचतो. क्यूबलेटला असं जुनं नाव चालत नाही. इफेमरल कंटेनर्स १.२५ मध्ये स्थिर झाले, १.२५ आणि १.२६ या दोन आवृत्त्यांत ‘हे गेट पुढं काढलं जाईल’ असा नुसता इशारा येत होता, आणि १.२७ मध्ये नावच यादीतून गेलं. तो इशारा लॉगमध्ये होता. वाचायला तिथं कोण बसलं होतं?

सुरुवातीचा काळ थोडक्यात सांगतो. २०१४ मध्ये प्रकल्प जाहीर झाला, जुलै २०१५ मध्ये १.० आली. २०१६ च्या सुमारास प्रयोगातल्या सोयींची नावं एकाच फीचर गेट फ्लॅगखाली येऊ लागली. अल्फा (अगदी पहिला टप्पा) असेल तर बंद, बीटा (त्यानंतरचा) असेल तर बहुतेक वेळा चालू, स्थिर झाली की कायमची चालू आणि मग बंद करायची मुभाही नाही. सगळी अल्फा गेटं एकदम उघडणारं एक गेटही आहे. ते शिकायच्या क्लस्टरवरच शोभतं.

खरा गुंता ‘बीटा’ या शब्दाचा. आपल्याकडं बीटा म्हटलं की अजून पिकलेलं नाही, जपून वापरा, असा अर्थ घेतात. कुबरनेटीजमध्ये मात्र कितीतरी वर्षं बीटा म्हणजे आपोआप चालू. जे चालू मिळतं त्यावर लोक घर बांधणारच. बाहेरून येणारी वेब विनंती क्लस्टरमधल्या योग्य सेवेकडं नेणाऱ्या इन्ग्रेसचं उदाहरण घ्या. २०१५ च्या अखेरीस १.१ मध्ये ते बीटा म्हणून आलं आणि स्थिर झालं ते ऑगस्ट २०२० मध्ये, १.१९ ला. जवळजवळ पाच वर्षं जगभरच्या वेबसाइटींचा रस्ता एका ‘कच्च्या’ एपीआयवरून (कुबरनेटीजला काम सांगायच्या ठरीव नमुन्यावरून) जात होता. ऑगस्ट २०२१ मध्ये १.२२ ने जुने बीटा एपीआय काढले, तेव्हा क्लस्टरला काय हवं ते लिहिलेल्या किती याम्ल फाइली एका रात्रीत निकामी झाल्या ते ज्यांनी अपग्रेड केलं त्यांना आठवत असेल. पॉड सिक्युरिटी पॉलिसीचं तर त्याहून वाईट झालं: स्थिर न होताच १.२१ मध्ये ती कालबाह्य ठरली आणि १.२५ मध्ये गेली. सुरक्षेचे नियम ज्यांनी तिच्यावर टांगले होते त्यांना सगळं नव्यानं मांडावं लागलं.

या अनुभवातून मे २०२२ मध्ये, १.२४ ला, वादाचा निर्णय झाला: यापुढं येणारे नवे बीटा एपीआय मुळात बंद असतील. आधीपासून चालू असलेले तसेच राहतील. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं असं की बंद ठेवलेली गोष्ट कोण वापरून बघणार, आणि कुणी वापरली नाही तर तिच्यातल्या चुका कशा कळणार? मुद्दा खोटा नाही. तरीही मला तो निर्णय योग्यच वाटतो. चाचणीचं ओझं, ज्याला आपण चाचणीत आहोत हेच ठाऊक नाही, अशा माणसाच्या क्लस्टरवर टाकणं बरोबर नव्हतं.

पण निर्णय अर्धाच झाला. नियम बदलला तो एपीआयचा. बीटा फीचर गेटं पूर्वीसारखीच बहुतांशी चालू राहिली. एकाच शब्दाचे दोन उलटे अर्थ. क्लस्टरकडं येणारी मागणी नियमांवर तपासणारी व्हॅलिडेटिंग ॲडमिशन पॉलिसी १.२८ मध्ये बीटा झाली, तेव्हा ती वापरायला फीचर गेटही उघडावं लागे आणि एपीआय सर्व्हरच्या रनटाइम कॉन्फिग या सेटिंगमध्ये तो बीटा एपीआयही वेगळा चालू करावा लागे. एकच केलं तर काम होत नसे. याउलट मुख्य कंटेनरच्या जोडीला चालणारे साइडकार कंटेनर १.२९ मध्ये बीटा झाले आणि काही न करता चालू मिळाले, कारण त्यांच्यासाठी नवा एपीआय नव्हता, पॉडमध्येच एक जागा वाढली होती. १.३३ मध्ये ते स्थिर झाले. हा फरक शिकवताना माझा निम्मा तास जातो, आणि दोष शिकणाऱ्याचा नाही. नव्या एपीआयच्या बीटाला दुसरं नाव दिलं असतं तर फार बरं झालं असतं.

क्लाउडवर आयता क्लस्टर घेणाऱ्यांना हा प्रश्न कमी पडतो, कारण तिथं बहुतेक गेटांची किल्ली सेवा देणाऱ्याकडंच असते. एका मोठ्या सेवेवर तर अल्फा उघडा असलेला क्लस्टर ३० दिवसांनी आपोआप मोडतो. बेळगाव-निपाणीकडं स्वतःच्या खोलीत मशीन ठेवणाऱ्यांच्या हातात मात्र सगळी गेटं असतात, आणि आवृत्त्या वर्षाला तीन येतात.

खानापूरच्या त्या मुलानं आता सर्व्हरच्या रॅकवर एक वही ठेवली आहे. गेटचं नाव, कुठल्या नोडवर, कुठल्या आवृत्तीला उघडलं, कशासाठी. पहिल्या पानावर इफेमरल कंटेनर्स लिहून त्यावर काट मारली आहे, शेजारी तारीख.